म्हशींचं स्टेशन

आमच्या लकडगंजच्या सोसायटीतली लिफ्ट सहसा जागची हलत नाही, कारण तिच्या दारात ठवरेकाका पाय अडवून उभे असतात. "थांबा नं गा, कोणी येऊन राहिलं असंल!" वरच्या मजल्यावर साधा कुकर वाजला तरी त्यांना कोणीतरी निघाल्याचा भास होतो.

काका उमरेडच्या छोट्या लाइनवर एका आडगावी स्टेशन मास्तर होते. लाइन बंद झाली, स्टेशनाला कुलूप लागलं, आता तिथे बाभळी माजल्यात. काकांनी मात्र त्या स्टेशनाचा इतिहास लिहून काढला आणि सोसायटीच्या स्नेहसंमेलनात वाचायला माझ्याकडे दिला. मी निवृत्त शिक्षक. आवाज चांगला आणि जीभ त्याहून तिखट. वही मी जेमतेम चाळली होती.

इतिहास कसला! गाडी किती उशिरा सुटली, त्याची नोंद. मिनिटं आणि कारण. कारण बहुतेक एकच: रुळावर म्हैस. मी माईकवर सुरू झालो. "पाच मिनिटं, म्हैस! सहा मिनिटं, म्हैस! चार मिनिटं, दोन म्हशी!" लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले काका आधी हसले, मग खाली बुटांकडे पाहू लागले. ते मला दिसलं. तरी मी थांबलो नाही.

मग शेजारच्या रकान्यावर नजर गेली. तिथे बारीक अक्षरात खरी कारणं होती; म्हैस नुसती वरच्या साहेबांना दाखवायला. 'बाळंतीण, हळू चालून राहिली.' 'आंधळे बुवा, काठी हरवली.' आणि पुढे, 'शाळेतून निरोप: परीक्षेच्या ड्युटीवरचे गुरुजी, माय सीरियस. शेताच्या धुऱ्यावरून पळत येऊन राहिले. नऊ मिनिटं.' शेवटी एक प्रश्नचिन्ह.

ते गुरुजी म्हणजे मी; धावत डब्यात चढताना मास्तरांचा चेहरा पाहिलाच नव्हता. त्या दिवशी गाडी उशिरा सुटली हे माझं नशीब, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो.

"काहून थांबले गुरुजी? वाचा नं," काका म्हणाले.

"काका, तो मी होतो हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुम्ही इथं राहायले आले तवाच वळखलं. इचारायची हिंमत नाही झाली." काका उठून उभे राहिले. "भेटली काय माय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माईक बाजूला ठेवला.

"भेटली, काका. माझ्या हातून पाणी प्यायली."

काकांनी वही घेतली, खिशातलं पेन काढलं आणि ते प्रश्नचिन्ह सावकाश खोडलं.

"मंग तेवढी एक म्हैस माफ," ते म्हणाले.