थिंग नावाची सभा

थोरल्या नातीचं, स्वरूपाचं लग्न झालं, त्या साली धाकटी नात वल्लरी जर्मनीत भाषांचा इतिहास शिकायला निघाली. जागा एकच, मुलाखत लॅपटॉपवर. मी म्हटलं, "पोरी, घाबरू नगंस. आबा हाय ना तुझा!" साठीनंतर मला अक्षरं हिनंच शिकवली होती. तिची जागा मी हुकू देणार होय!

मुलाखतीत बोलायचा तिचा विषय एकाच शब्दाचा. "आबा, इंग्रजीत थिंग, जर्मनमध्ये डिंग. आता अर्थ वस्तू. पण हजार वर्षांपूर्वी हा शब्द सभेचा होता. आधी सभा, मग सभेतला विषय, मग कुठलीही बाब, शेवटी वस्तू! आइसलँडच्या संसदेच्या नावात अजून तोच आहे."

"आन् ठराव कसा व्हायचा?"

"मान्य असला की भाले वाजवायचे."

अहो, मग सभा दाखवायला नको? मी दूध संस्थेचा माजी चेअरमन! लोणी भापकरच्या आमच्या ओसरीवर, वल्लरीच्या पाठीमागे, झाडून सगळे सभासद बसवले. फेटे बांधून, काठ्यांसकट!

आता आमच्या सभासदांची एक सवय. विषय वाचणारा श्वास घ्यायला थांबला, की "मंजूर!" विषय कोणता होता, ते नंतर चहा पिताना विचारतात.

वल्लरीनं पहिलं वाक्य संपवलं.

"मंजूर!" काठ्या दणाणल्या. पडद्यावरच्या, मुलाखत घेणाऱ्या बाई खुर्चीतून उडाल्या! वल्लरीनं त्यांना अर्थ सांगितला, तशा हसल्या. दुसरं वाक्य. "मंजूर!" तिसरं. "मंजूर!" बिथरलेली कोंबडी थेट लॅपटॉपवर! बाईंचं हसू मावळलं. त्या इंग्रजीत काहीतरी बोलल्या आणि थांबल्या.

"मंजूर!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

वल्लरी पांढरीफटक. "आबा, एवढ्या गोंधळात मुलाखत इथंच संपवू का, असं विचारलं त्यांनी!"

तेवढ्यात मागून सर्जेराव उठले. हा गडी जन्मभर प्रत्येक सभेत विरोधात!

"नामंजूर! पोरीचं बोलणं ऱ्हायलंय. आशी सभा उठती व्हय?"

मी म्हटलं, "सर्जेराव, बाई जर्मनीच्या हायत."

"आसूद्या की! आपल्या सभंत आल्यात न्हवं?"

बाईंनी विचारलं, हे कोण? वल्लरी म्हणाली, "आमचे सभासद. यांचं ऐकल्याशिवाय आमच्याकडे सभा संपत नाही."

बाई सर्जेरावांकडं बघून पुन्हा हसल्या. मग वल्लरीला म्हणाल्या, "बोल पुढं." ती शेवटपर्यंत बोलली. ओसरीवर कुणी खोकलंसुद्धा नाही.

जागा वल्लरीला मिळाली! मी पेढे घेऊन सर्जेरावांकडं गेलो. त्यांनी एक खाल्ला, तोंड वाकडं केलं. "लई गोड केलाय, चेअरमन," म्हणाले आणि अख्खा पुडा ठेवून घेतला.

सर्जेराव गेल्या पौषात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी वारले. त्यांच्या त्या एका "नामंजूर!"मुळंच वल्लरी तेव्हा जर्मनीत शिकत होती.