टोपी घालून आत येऊ नये

"आज त्या घंटेला हात लावलास ना ऑर्विल, तर तोच हात कापून दोरीला टांगीन," मर्ना म्हणाली.

माजी सैनिकांच्या हॉलमधला बार मर्ना चालवायची आणि घंटा ऑर्विल टेस्के. नियम दारावर पितळी अक्षरांत होता: टोपी डोक्यावर ठेवून जो आत येईल, त्याने हॉलभर सगळ्यांना पाजायचं. टोपी दिसली की ऑर्विल घंटा वाजवायचा, आणि त्याच्या नजरेतून आजवर एकही टोपी सुटली नव्हती. पाद्रीबाबा सुटला नाही, पोस्टमन सुटला नाही, सख्खा व्याहीसुद्धा नाही. ऑर्विल स्वतः मात्र एकदाही सापडला नव्हता आणि हे तो रोज कुणाला तरी ऐकवायचा. न्हाव्याने त्याला दुकानाबाहेर काढलं होतं, चर्चच्या तळघरातल्या पत्तेवाल्यांनीही काढलं होतं. उत्तर विस्कॉन्सिनच्या त्या गोठलेल्या गावात त्याला बसू देणारी ही एकच जागा उरली होती.

आणि नेमका हॉल गरम ठेवणारा बॉयलर मेला होता. गावात शूटिंगला आलेल्या सिनेमावाल्यांनी कबूल केलं होतं, शेवटचा प्रसंग आज इथे नीट पार पडला तर नवा बॉयलर बसवून देऊ. नाहीतर हॉलला कुलूप.

सिनेमा एका कडवट म्हाताऱ्या सैनिकाचा होता. आधी म्हातारा जगावर चिडलेला, मग शेजारची पोर, मग लंगडं कुत्रं, मग पश्चात्ताप, मग व्हायोलिन. दिग्दर्शक ट्रिस्टन कॅलिफोर्नियाहून आला होता आणि घरातही मफलर काढत नव्हता. खराखुरा कडवट म्हातारा दिसताच तो ऑर्विलपुढे उकिडवाच बसला.

"ऑर्विल सर, युद्धानं तुमच्याकडून काय हिरावून घेतलं?"

"एक दाढ. छावणीतल्या डॉक्टरनं उपटली. चांगली होती."

"आणि हा कडवटपणा?"

"तो घरनंच नेला होता. युद्धावर कशाला ढकलतोस? मी तिथं बटाटे सोलत होतो."

ट्रिस्टनने डोळे पुसले. असल्या माणसाला काहीही सांगा, तो डोळेच पुसणार.

प्रसंग असा होता: नायक दारातून आत येतो, जुन्या सोबत्यांकडे बघतो आणि रडतो. सोबती म्हणून हॉलमधलेच म्हातारे बसवले होते. नायक झालेला रॉडरिक व्हेल आत आला. डोक्यावर टोपी, डोळ्यांत तयार पाणी.

घण घण घण!

"ब्रँडी!" सगळे म्हातारे एका सुरात ओरडले.

नियम कळल्यावर ट्रिस्टन हरखला. "किती अस्सल!" म्हणत त्याने सगळ्यांना पाजली. "रॉडरिक, आता टोपी काढून ये."

रॉडरिक लाल झाला. मेकअपवाल्या पोरीने दिग्दर्शकाच्या कानात सांगितलं, पण हॉलभर ऐकू गेलं, "विग टोपीलाच शिवलाय. टोपी निघाली की केसही निघतात."

रॉडरिक पुन्हा टोपीसकट आला. पुन्हा घंटा. पुन्हा ब्रँडी.

"अरे मेल्या, बॉयलर!" मर्ना दातओठ खात म्हणाली.

"नियम म्हणजे नियम. आज विगला सोडलं तर उद्या गव्हर्नर घोड्यावर बसून आत येईल."

तेवढ्यात ट्रिस्टन फोनवर पलीकडच्या गावातला हॉल मोकळा आहे का विचारताना ऐकू आला. ऑर्विल स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसला. पण उशीर झाला होता. म्हाताऱ्यांना फुकटाची चटक लागली होती. रॉडरिकने दारात पाऊल टाकताच त्यांच्यातल्या गस लिंडक्विस्टने, ज्याला एरवी काठीशिवाय चालवत नव्हतं, टुणकन उडी मारून दोरी ओढली. पुढच्या वेळी रॉडरिक रडला, पण म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या पुढच्या वेळी निम्मे गात होते. "मी असल्या दारुड्यांत काम करत नाही!" म्हणून रॉडरिक गाडीत जाऊन आतून दारं लॉक करून बसला.

"मी जातो त्याला समजवायला," ट्रिस्टन रडकुंडीला येऊन म्हणाला. "पण आधी त्याच्या जागी कुणाला तरी उभं करून प्रकाश लावून ठेवू. रॉडरिकच्या उंचीचं कोण आहे?"

मर्नाने ऑर्विलकडे असं बघितलं की तो उठलाच. सगळं आपल्यामुळे झालं हे त्याला ठाऊक होतं, फक्त तोंडाने म्हणायचं नव्हतं. ट्रिस्टनने दुसरी एक तसलीच टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली.

"बाहेर जा आणि सावकाश आत या. बाकी काही नाही."

"एवढं तर कुत्रंही करील," ऑर्विल पुटपुटला, बाहेर गेला आणि सावकाश आत आला.

घण!

दोरी मर्नाच्या हातात होती. हा दिवस बघायला ती किती वर्षं थांबली होती, देव जाणे.

ऑर्विल जागीच थिजला. हात डोक्याकडे गेला. टोपी होती. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ज्या ज्या माणसाला त्याने पकडलं होतं, तो तो माणूस दात काढून उभा होता. त्याची हनुवटी थरथरली, डोळे भरून आले. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"घ्या," तो फाटक्या आवाजात म्हणाला. "सगळे घ्या."

"कट," ट्रिस्टन हुंदका देत म्हणाला. कॅमेरा मघापासून चालूच होता.

बॉयलर बसला. सिनेमा लागला तो पहिल्यांदा हॉलमध्येच. रॉडरिकचं रडणं सगळं कापून शेवटी ऑर्विलचा चेहरा घातला होता. "घ्या, सगळे घ्या," आणि मागे व्हायोलिन. पाद्रीबाबा स्फुंदत होता. शिकागोहून आलेल्या एका बाईने ऑर्विलचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचेही डोळे वाहत होते.

"केवढं ओझं उतरलं असेल तुमच्या मनावरचं!"

"उतरलं कुठलं, बाई!" ऑर्विलने नाक पुसलं. "माझ्या पैशानं सगळ्यात महागाची ब्रँडी मागवली त्या गसनं. आणि अर्धी पेल्यात टाकून गेला हरामखोर."