किनाऱ्याची शेवटची पँट

लेकीचा, दिशाचा साखरपुडा संध्याकाळी होता आणि हरिश्चंद्र नागवेकरांना बायकोने सकाळीच दोनदा बजावून घराबाहेर काढलं होतं.

"सोनाराकडं जायचं, जावयाची अंगठी घ्यायची नि सरळ घरी यायचं," हिराबाई म्हणाल्या. "वाटेत त्या किनारा दुकानात शिरलात तर बगा."

"किनाऱ्यात कशाला शिरतोय मी?"

"परवा तीन स्वेटर घेऊन आलात. रत्नागिरीत स्वेटर कोण घालतं ओ?"

हरिश्चंद्ररावांनी घाईने चपला पायात सरकवल्या. 'किनारा वस्त्रभांडार' बंद होणार हे कळल्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आधी चिपळूणची शाखा गेली, मग लांज्याची, मागच्या महिन्यात राजापूरची, आणि आता रत्नागिरीच्या बाजारपेठेतलं मूळ दुकान. त्यांची शाळेची खाकी चड्डी तिथली, नोकरीच्या मुलाखतीची पँट तिथली, हिराबाईंचा लग्नातला शालूही तिथलाच. शिवाय किनाऱ्याच्या पँटला आतून कमरेशी एक चोरखिसा असायचा. मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी थोरल्या शेटनी तो शिवून घ्यायला सुरुवात केली आणि पुढे तो न मागता सगळ्यांनाच मिळू लागला. हल्लीच्या मोबाइलवरून मागवलेल्या पँटींना साधे खिसे धड नसतात, चोरखिसा कुठला असणार.

हरिश्चंद्रराव आयुष्यात दोनच गोष्टींना घाबरत, एक साप आणि दुसऱ्या हिराबाई. साप वर्षातून एखादाच दिसायचा.

सोनाराने डबी दिली. ती वरच्या खिशातून पडेल अशी भीती वाटून त्यांनी अंगठी डबीतून काढली, कागदात गुंडाळली आणि चोरखिशात सारली. तिथून घरी जायला दोन रस्ते होते. एक रिकामा होता, दुसऱ्यावर 'किनारा' होतं. दारावर 'आज शेवटचा दिवस' अशी पाटी होती. नुसतं दारातून बघून निघू, असं ठरवून ते आत गेले.

आतली मांडणीच गेली होती. मधोमध टेबल टाकून त्यावर पँटींचा ढीग रचला होता आणि माणसं त्यात कोपरापर्यंत हात घालत होती. हे पाहून त्यांना एकदम वाईट वाटलं. शिवा, म्हणजे तिथला जुना सेल्समन, त्यांना बघून पुढे आला.

"हरीभाऊ, ही राखाडी बगा. कपाटातला शेवटचा पीस. कंबर थोडी लहान हाय, पण चोरखिसा हाय."

एवढं ऐकल्यावर नाही म्हणणं शक्य नव्हतं. ते कपडे बदलायच्या खोलीत शिरले, अंगावरची पँट काढून दारावर टाकली आणि नवी चढवू लागले. श्वास आत ओढला की बटण लागत होतं, सोडला की बटण काकुळतीला येत होतं. तेवढ्यात शर्टाच्या खिशातला फोन वाजला.

"अहो, कुठं हायत तुमी?"

"सोनाराकडं," हरिश्चंद्रराव कुजबुजले. "गर्दी हाय."

"मग हळू का बोलताय?"

"सोनार झोपलाय," ते म्हणाले आणि फोन बंद केला. गर्दीत झोपणारा सोनार हिराबाईंना पटणार नाही हे त्यांना उशिरा कळलं. घाईघाईने त्यांनी दारावरच्या पँटीला हात घातला, तर दारावर पँट नव्हती.

ते तसेच बाहेर आले. "शिवा, माझी पँट?"

"दारावरची? ती मी ढिगात टाकली. आपल्याच दुकानाचा शिक्का, कडक इस्त्री. मला वाटलं, तुमी बघून नको केलीत."

"अरे, ती माझी अंगातली पँट. मागच्या खिशाला हिरव्या दोऱ्याचा टाका हाय."

"व्हय, तो टाका दाखवूनच गिऱ्हाइकानं दर पाडून घेतला," शिवा म्हणाला. "आत्ता गेले ते. राजापूरकडचे गृहस्थ. मच्छीच्या टेम्पोचं पाणी उडालं होतं अंगावर. कसल्या कार्याला जायचं म्हणत होते, म्हणून घालूनच गेले."

हरिश्चंद्रराव मटकन खाली बसणार होते, पण त्या पँटीत बसता येत नसल्याने ते उभेच राहिले. अंगठी गेली होती. मुलाकडच्यांसमोर रिकाम्या हाताने उभं राहायचं, आणि कारण काय सांगायचं, तर पँट विकली. दिशाला सोहम मनापासून आवडला होता. असल्या अपशकुनाने कुठलेही व्याही उठून जातील, आणि मग पोरीच्या तोंडाकडे बघायचं कसं, या विचाराने त्यांना दरदरून घाम फुटला.

"शेटना विचार, ते कोण होते. बघ ना कुणाला माहीत हाय काय."

"शेट जेवायला गेले. शटर खाली घेतोय मी. आता चारला या."

"शिवा, आज दुकानाचा शेवटचा दिवस."

"म्हणून काय दुपारचं झोपायचं नाय?" शिवाने विचारलं आणि दिवे मालवायला सुरुवात केली.

त्यांनी एसटी स्टँड पालथा घातला. राजापूरच्या गाडीत चढणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या मागे जाऊन त्यांनी वाकून पाहिलं. तिसऱ्या माणसाने "काय हरवलं काय?" असं विचारल्यावर मात्र त्यांना लाज वाटली आणि छोटी छोटी पावलं टाकत ते घरी आले.

घरात गडबड होती. हिराबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "अंगठी आणलीत?"

"आणली," हरिश्चंद्रराव भिंतीला पाठ लावून म्हणाले. "वेळेवर देतो."

"बसा मग जरा."

"नको. पाहुणे येतील, उभाच बरा."

हिराबाईंनी मान बाहेर काढून त्यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुन्हा आत घेतली. त्या बोलल्या नाहीत म्हणजे पुढे काहीतरी मोठं येतं, एवढं त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

पाच वाजता राजापूरची मंडळी आली. सोहम, त्याची आई आणि त्याचे वडील भिकाजी मांडवकर. बापलेकांची तोंडं दोन वेगळ्या रंगांची होती. सोहमचं आनंदाने खुललेलं, आणि भिकाजींचं पांढरंफटक. ते सारखे कमरेशी हात नेत होते. मग देवाला नमस्कार करायला ते वळून वाकले आणि हरिश्चंद्ररावांच्या डोळ्यांसमोर हिरव्या दोऱ्याचा टाका आला.

त्यांनी पुन्हा पाहिलं. टाका तोच, इस्त्रीची घडी तीच. आजवर इतक्या आशेने त्यांनी कुणाच्या पाठमोऱ्या अंगाकडे पाहिलं नव्हतं.

"व्याही, जरा मागच्या पडवीत येता?"

भिकाजी मुकाट्याने मागोमाग आले. हरिश्चंद्ररावांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "रागवू नका. जरा पँट काढाल काय?"

भिकाजींनी खांबाचा आधार घेतला. "म्हणजे तुमाला कळलं."

"काय कळलं?"

"आमच्या हिला बोलू नका. किनाऱ्यात पाय ठेवायचा नाय म्हणून दम दिला होता तिनं. राजापूरची शाखा गेली तवा मी चार रेनकोट आणले, तेही पावसाळा सरल्यावर." भिकाजींनी घाम पुसला. "आज दुपारीच गाडीतून उतरलो, नि ही नि सोहम हार घ्यायला गेली. मी एकटाच. मच्छीचं पाणी उडालं, मग काय करणार. पँट घेतली, घातली, नि सूनबाईची अंगठी चोरखिशात टाकली. मगाशी चाचपली तर आत दोन. मी एकच टाकली होती ओ. जागा सांभाळणारा अदृश्य राखणदार असणार त्या दुकानाला. बंद करताना कुणी त्याला गाऱ्हाणं घालून विचारलं नसेल, नारळ दिला नसेल. आता माझ्या पाठी लागला. ही दुसरी घरात नेली तर काय होईल सांगा."

त्यांनी दोन्ही अंगठ्या पुढे धरल्या. एक कागदात होती. हरिश्चंद्ररावांनी तो सोनाराचा कागद ओळखला, आणि दिवसभर आत ओढून धरलेला श्वास त्यांनी एकदाचा सोडला. बटण सुटलं आणि टणकन घंगाळावर जाऊन आपटलं.

आवाजासरशी हिराबाई दारात आल्या. एक व्याही दोन अंगठ्या हातात घेऊन उभा, दुसरा पँट दोन्ही हातांनी धरून उभा.

"काय चाललंय?"

हिराबाई पुढे आल्या, भिकाजींच्या मागे जाऊन थांबल्या. "हा टाका माझा हाय," त्या म्हणाल्या.

मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. हरिश्चंद्ररावांनी स्वेटरपासून शटरपर्यंत सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभे राहिले. हिराबाई आत गेल्या. त्यांनी तांदळाच्या पिंपामागे हात घातल्याचा आवाज आला. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात किनाऱ्याची पिशवी होती, आणि पिशवीत राखाडी पँट.

"दुकान बंद होतंय कळल्याबरोबर जाऊन आणली. तुमच्या मापाची शेवटचीच होती. कमरेला दोन बोटं जास्त घेतलीय," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळी देणार होते. म्हणून तर तिकडं जाऊ नका म्हणत होते नि काय."

हरिश्चंद्ररावांनी ती पँट हातात घेतली. सवयीने तिच्या चोरखिशात बोट घातलं. आत एक सुपारी होती.

"रिकाम्या खिशाची कशी देणार?" हिराबाई म्हणाल्या. आवाज थोडा ओला होता, तो त्यांनी लगेच सारखा केला. "घाला आता लवकर. पाटावर बसायचंय."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून विहीणबाईंची हाक आली. "अहो, कुठं हायत तुमी?"

भिकाजी दचकले, पण त्यांच्याआधी हरिश्चंद्ररावांच्याच तोंडून निघून गेलं.

"सोनाराकडं. गर्दी हाय."