सात मिनिटं पुढे

समारंभ आखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! ऑफिसात आम्ही सगळे ज्यांना काका म्हणतो, त्यांच्या निवृत्तीचा बेत मीच ठरवला होता. चारला केक, सव्वाचारला भाषणं. अडचण एकच, खुद्द काका! तीस वर्षं आमच्या कारखान्याच्या चाचणी विभागात काढलेला हा माणूस स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोचला होता, असं काकूच सांगतात.

त्यातून आज काकांनी स्वतः घडवलेल्या ब्रेकरची, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यंत्राची, शेवटची चाचणी. वीज साठवणारी कपॅसिटर बँक त्या ब्रेकरने चोवीस वेळा चालू करायची, चोवीस वेळा बंद. तेवीस झाल्या होत्या! एवढी एक निभावली की प्रमाणपत्रावर सही ठोकून काका घरी जायला मोकळे.

बँक बंद केली तरी तिच्या पोटात वीज उरते. ती उतरायला दहा मिनिटं द्यावीच लागतात. काका मनगटावर घड्याळ बांधत नाहीत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतात. तेविसाव्यांदा बँक बंद करून ते चहा घ्यायला गेले आणि मी पटकन तेच घड्याळ सात मिनिटं पुढे केलं. आता बघू कसा उशीर करतात!

"अरेच्चा, झाली पण दहा मिनिटं?" काका परत येऊन म्हणाले.

"वेळ कसा जातो, कळत नाही हो काका!" माझं सगळं लक्ष केकवर.

काकांनी बटण दाबलं. धडाम! काचेपलीकडे धूरच धूर, आणि ब्रेकर आतून वितळून चिकटलेला.

"तेवीस वेळा टिकला रे," काका पुटपुटले. "माझंच काहीतरी चुकलं असणार." ते ब्रेकरच्या आराखड्यात स्वतःची चूक शोधू लागले. मला भडभडून आलं.

"काका, घड्याळ मी पुढे केलं होतं! दहा कुठली, तीनच मिनिटं झाली होती!"

"म्हणजे ब्रेकर चांगला आहे?"

"ब्रेकर उत्तम आहे काका, गाढव मी आहे!"

"मग नवा लावून सोमवारी पहिल्यापासून चोवीस करा. सही तू कर." ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "मला आता गेटवर कोण आत सोडणार?"

त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

केक कसाबसा कापला. मग काकूंनी भेटीचं खोकं उघडलं. आत भिंतीवरचं घड्याळ! निवड अर्थातच माझी.

काकांनी ते कानाशी धरलं, मग माझ्याकडे बघितलं. "याला हात लावलायस का रे?"

नव्हता लावला हो, शप्पथ! पण सांगायला तोंड होतं कुठे?