लोखंडी पाईप आणि आक्कांचा देव

सावळारामने ठरवलं, दिघाशीच्या नव्या घरात वायर लोखंडी पाईपातूनच जाणार. भिवंडीच्या लूम कारखान्यात त्याची वीस वर्षं गेलेली. तिथली सगळी वायर लोखंडातून फिरते, मग घरात प्लास्टिक कशाला? (जुन्या घरी उंदरांनी वायर कुरतडली आणि ऐन सत्यनारायणाला अंधार झाला, हे तो कुणाला सांगत नसे.)

"दादा, प्लास्टिकचा पाईप टाकू," वायरमन हरेश म्हणाला. "लोखंडाला अर्थिंग पक्की लागते. नायतर आत वायर उघडी पडली की आख्खा पाईप शॉक मारंल."

"मंग कर की पक्की!"

हरेशने अंगणात खड्डा खणून प्लेट पुरली, मीठ-कोळसा भरला आणि एका नळीचं तोंड तेवढं वर ठेवलं. "उन्हाळाभर यात रोज पाणी घाला. जमीन सुकली की अर्थिंग गेली."

तिसऱ्या दिवशी सासूबाई, म्हणजे आक्का, अंबाडीहून आल्या. भिंतीवरचे पाईप बघून त्यांनी पिशवी ओटीवरच टेकवली. "लोखंडात करंट? मी आत न्हाय यायची."

सावळाराम खजील झाला. धाकट्या जावयाकडे आक्का महिना महिना राहत. (त्याच्याकडे प्लास्टिक होतं.)

"आक्का, करंट जमिनीत जातो."

"आन् मी जमिनीवरच झोपते!"

रात्र त्यांनी ओटीवरच काढली. सकाळी मात्र नवल घडलं. अंघोळ करून सावळाराम नळीत वाकून पाणी घालत होता, ते आक्कांनी पाहिलं. कधी देवाला हात न जोडणारा जावई चक्क देवाला पाणी घालतोय! त्या पिशवी उचलून आत गेल्या.

"खरं सांगा की तिला," बायको चंद्रा हसू दाबत म्हणाली.

"आत आल्या ना? गप बस."

त्याला इतका आनंद झाला, की डबल शिफ्ट लागल्यावर तो पाणी घालायचं साफ विसरला. पंधरा दिवसांनी हरेश तपासायला आला, तेव्हा कुठे सावळारामला आठवण झाली. घाम पुसत तो अंगणात धावला. बघतो तर नळीला हळदकुंकू, भोवती झेंडूची फुलं आणि हा चिखल!

हरेशने मीटर लावलं. "एक नंबर अर्थिंग, दादा! पाणी कोण घालतं?"

सावळारामची छाती फुगली. "आपणच की—"

तेवढ्यात कळशी घेऊन आक्का आल्या. पाणी ओतून, डोळे मिटून त्या मोठ्याने म्हणाल्या, "देवा, पाईप जावयानं लावून घेतलेत. तूच सांभाळ. मी तुझ्या भरवशावर आत झोपते, त्याच्या न्हाय."

हरेशने मीटर बाजूला ठेवलं आणि हात जोडले.