सिंकचा कायमचा निकाल

मी मनात आणलं तर घरातली कुठलीही वस्तू दुरुस्त करू शकतो! आजवर मनात आणलं नव्हतं, एवढंच.

पण आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक सारखं तुंबायला लागलं. आणि ते मोकळं करायला कोण बसायचं? आमचे सासरे! सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. जन्मभर कारखान्यातली यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, पण आता दिवसभर खिडकीशी बसलेला. विचारलं तर उत्तर, नाहीतर गप्प. सिंक तुंबलं की मात्र उठायचे आणि बाह्या सरसावून ओट्याखाली शिरायचे. शेजारी त्यांची लेक, म्हणजे माझी बायको, बॅटरी धरून बसायची. आणि मी, या घरचा जावई, बाहेर पेपर वाचायचो! मला लाज वाटायला लागली. गंमत नाही, खरंच वाटायला लागली.

म्हणून बायको त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली तशी मी पाना हातात घेतला. "आज याचा कायमचा निकाल लावतो!" मी रिकाम्या घराला सांगून टाकलं.

ओट्याखाली शिरताना डोकं आपटलं. निघताना पुन्हा आपटलं. पण सिंकखालचा वाकडा पाइप निघाला! काळं पाणी भसकन खालच्या बादलीत आलं. पाइपात चहाचा चोथा गच्च बसला होता. एवढा चोथा? आम्ही चहा पितो की खातो? तो खरवडून काढला, पाइप घासून लख्ख केला आणि ओट्यावर वाळत ठेवला. छाती फुगली. त्या फुगलेल्या छातीनिशी मी भरलेली बादली उचलली आणि ऐटीत सिंकमध्ये ओतली!

खाली पाइप नव्हता. पाइप ओट्यावर होता, माझ्या डोळ्यांसमोर.

पाणी माझ्या पायांवरून, फ्रिजखालून थेट बाहेरच्या खोलीत निघालं. नळ बंद करायला धावलो. नळ बंदच होता, तो घाईत मी सुरू केला! मग पाण्यावर टॉवेल टाकला, पायपुसणं टाकलं, शेवटी हाताला लागली ती नवीकोरी चादर टाकली. आणि बेल वाजली.

बायकोने दारातूनच सगळं पाहिलं. "बाबा, तुम्ही आधी कपडे बदला," म्हणाली आणि मला कोपऱ्यात ओढलं.

"तुला कोणी सांगितलं होतं हे?"

"अगं, कोणीतरी रोज आत चोथा टाकतंय!"

"मीच टाकते!"

"काय?"

"हळू बोल! आई गेल्यापासून बाबांचं कशातच लक्ष नाही. हे एक काम निघालं की माणसात येतात. बोलतात, मला रागावतात. आणि तू निघालास कायमचा निकाल लावायला!"

तिचे डोळे भरून आले. मी त्या काळ्या पाण्यात उभा होतो आणि कुठे बघावं ते कळेना.

तेवढ्यात सासरे आले, बाह्या सरसावूनच. पसारा पाहिला आणि त्यांना एकदम हुरूप चढला. "तू बाहेरची फरशी पूस गं! जावईबापू, बॅटरी घ्या. पाइपाचा वायसर कुठे आहे? पाण्यात गेला? धन्य आहे तुमची!" एका दमात इतकं ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

ती बाहेरच्या खोलीत गेली तसा ओट्याखालून हळूच आवाज आला. "चोथा तुम्ही काढलात?"

"हो. म्हणजे... साचतो तो आपोआप."

"आपोआप कसला! मी बघतो की तिला टाकताना."

मी गारच पडलो. "मग बोलला का नाहीत?"

ते पाइप फिरवून बसवत राहिले. "आई गेल्यापासून पोरगी घुमी झालीय हो. एरवी कामापुरतं बोलते. इथे माझ्याजवळ बसली की आईचं काय काय आठवून सांगते. हसते. कधी रडतेसुद्धा. तिच्यासाठी मी रोज हा पाइप उघडेन. तुम्ही तेवढे पुन्हा मदतीला येऊ नका!"

मी बाहीने डोळे पुसायला गेलो, तशी हातातली बॅटरी हलली.

"आणि बॅटरी सरळ धरा! पाइप इकडे आहे, माझ्या तोंडावर काय उजेड पाडताय?"

खरं सांगायचं तर, पाइप मलाही दिसत नव्हता.