वस्त्रगाळ आप्पा

आप्पांच्या हातात हिरडा पडला की ते तो आधी पाण्यात टाकायचे. बुडाला तर पास, तरंगला तर "परत!" एका लग्नात तर पानाच्या तबकातली सुपारीही त्यांनी तांब्यात टाकून पाहिली. यजमान बघतच राहिले.

निपाणी मुंबई इलाख्यात होती तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात मी कोठीच्या याद्या ठेवत असे आणि आप्पा माल पारखत. माझ्या वहीत तीन रकाने : आला, पास, परत. आप्पांमुळे तिसरा रकाना दुप्पट रुंद आखावा लागे. जांबोटीचा गाडीवान कळवळून म्हणायचा, "आप्पा, एवढ्या लांबनं आणलंय वो!"

"रोगी त्याच्याहून लांबनं येतोय. परत!"

लग्न का केलं नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "म्या पोरगी पास केलती. त्यांनी मला परत लावलं."

चूर्ण वस्त्रगाळच हवं, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी शहापूरच्या विणकराकडून ते घट्ट पोताचं कापड आणत. पोत विरळ वाटला की कापडही परत. गाळलेलं चूर्ण चिमटीत चोळायचे आणि कण लागला की ओरडायचे, "आक्का, ह्यो रवा हाय! शिरा कर ह्येचा!"

ही गंगाक्का. कारखान्यात वीस वर्षं कुटत होती. मागे कुणी नव्हतं. आता हात थरथरत, डोळ्यांना कमी दिसे. एक दिवस मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आक्काचा माल आणखी एकदा परत आला, तर तिला घरी बसवा."

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा छताकडे बघत राहिले.

त्यानंतर पंधरा दिवस आक्काचा एकही डबा परत गेला नाही. मला शंका आली, म्हाताऱ्यानं माप ढिलं केलं. एका डब्यातलं चूर्ण मी स्वतः चोळून पाहिलं. कणसुद्धा नाही.

एका सकाळी मोजदादीसाठी मी तासभर लवकर गेलो. खिडकीतून पाहतो तो आक्काचं कालचं चूर्ण आप्पा पुन्हा कुटत होते. आक्का शेजारी गाळायचं कापड ताणून बसली होती.

"जलम गेला तुमचा माझ्यावर वरडण्यात," ती म्हणाली.

"मग घरी जाऊन कुणावर वरडू?" आप्पा म्हणाले.

मी चार पावलं मागे गेलो, पायरीवर वहाणा आपटल्या, मोठ्यानं खोकलो आणि सावकाश आत शिरलो. आक्का उखळाशी होती. आप्पा दारात उभे राहून गरजत होते, "आक्का! आज तरी नीट कुटणार हाईस काय न्हाईस?"